सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग का ठणकतं? फायब्रोमायल्जियाच्या गोळ्यांबद्दल समजून घ्या

उमरी (प्रतिनिधी) : कापूस वेचणीच्या दिवसात कंबर दुखली नाही असा माणूस आपल्या भागात सापडायचा नाही. सोयाबीन काढणी झाली, हळद शिजवून झाली की दोन दिवस अंग मोडून येतं, गरम पाण्यानं शेकलं, झोप झाली की उतरतं. हे झालं कामाचं दुखणं. पण काही जणांचं, त्यातही बायकांचं जास्त, दुखणं काम असो नसो उतरतच नाही. मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या, सगळंच ठणकतं. रात्रभर झोपूनही सकाळी उठल्यावर वाटतं की रात्रभर खुरपण केलं. आणि तपासण्या केल्या तर रक्त चांगलं, एक्स-रे चांगला. मग घरातले म्हणतात, "काही नाही झालं, कामाचा कंटाळा."

हे वाक्य मीसुद्धा बोललेलो आहे, म्हणून लिहितो. आमच्या मंडळीला हे दुखणं आठ वर्षांपासून आहे. पहिली पाच वर्षं आम्ही काय केलं ते सांगतो, कारण तसंच करणारी घरं गावोगाव आहेत.

दुखलं की सुई. सुई मारली की संध्याकाळपर्यंत बरं. आठ दिवसांनी परत सुई, अशक्तपणा वाटतो म्हणून सलाईन. मेडिकलवरून दुखायची गोळी दहा-दहाच्या पाकिटानं घरात यायची. त्यात एका पाहुण्यानं सांगितलं म्हणून दुसऱ्या तालुक्यातून एक पुडी आणली. 'जडीबुटी'ची म्हणून दिली होती. तीन दिवसांत बायको चालायला लागली, आम्ही त्या माणसाला देवच समजलो. चार महिन्यांत तोंड सुजून गोल झालं, वजन वाढलं आणि शुगर निघाली. नांदेडच्या फिजिशियननं तोंड बघूनच विचारलं, "पुडी खाता का?" त्यात स्टिरॉइड असावं असं त्यांचं मत पडलं. स्टिरॉइड वाईट औषध नाही, संधिवातात, दम्यात डॉक्टर मोजून देतात. पण पुडीत किती आहे ते कुणालाच माहीत नसतं. महिनोन्महिने खाल्लं तर हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू येतो, शुगर वाढते. आणि मोठी गोष्ट म्हणजे एकदम बंदही करता येत नाही, कारण शरीर स्वतःचं तयार करणं थांबवतं. डॉक्टर हळूहळू उतरवतात. कुणी अशी पुडी खात असेल तर हे वाचून आजच फेकून देऊ नका, आधी पुडी घेऊनच डॉक्टरकडं जा.

त्याच डॉक्टरनं पहिल्यांदा 'फायब्रोमायल्जिया' हा शब्द सांगितला.

सोप्या भाषेत सांगायचं तर यात हाड, सांधा, स्नायू बिघडलेला नसतो. दुखणं मेंदूपर्यंत नेणारी जी नसांची यंत्रणा आहे तिचा आवाज वाढलेला असतो. देवळातल्या भोंग्याचं बटण कुणी शेवटपर्यंत फिरवून ठेवावं तसं. माणूस हळू बोलला तरी गावभर ऐकू जातं. म्हणून साधा हात दाबला तरी कळ येते. सोबत झोप न लागणं, थकवा, विसराळूपणा, डोकं जड होणं हे असतंच. दुखणं खरं असतं, एक्स-रेत दिसत नाही एवढंच. पूर्वी, १९९० च्या अमेरिकन नियमाप्रमाणं अंगावरच्या १८ ठरलेल्या जागा दाबून बघायचे, ११ ठिकाणी दुखलं तर निदान. २०१० मध्ये नियम बदलला. आता दुखणं अंगभर किती पसरलंय, तीन महिन्यांच्या वर आहे का, झोप आणि थकवा कसा, हे विचारून ठरवतात.

मात्र त्याआधी बाकीचं तपासावं लागतं. थायरॉईड, रक्त कमी असणं, ड जीवनसत्त्व, बी-१२, संधिवात यातही अंग दुखतं. सांधे सुजले, ताप राहिला, वजन उतरलं, हातापायातली ताकद गेली, सकाळी बोटं तासभर आखडून राहिली, तर ते फायब्रो समजून घरी बसू नका.

हे शहरातल्या बायकांचं लाडाचं दुखणं नाही. आपल्याच राज्यात, पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातल्या भिगवण गावात १९९६ पासून डॉ. अरविंद चोपडा यांच्या पथकानं घरोघर जाऊन अंगदुखीची पाहणी केली. ४,०९२ मोठ्या माणसांमध्ये ७४६ जणांना, म्हणजे शंभरात अठरा जणांना, सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं. त्यात कुठल्याच ठरलेल्या आजारात नीट न बसणारं दुखणंही बरंच होतं. भिगवण काय आणि उमरी काय, शेतात वाकणं सारखंच.

आता गोळ्यांकडं येऊ. पहिली गोष्ट पचायला जड आहे. आपण ज्याला दुखायची गोळी म्हणतो, डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन, ॲसिक्लोफिनॅक, ती या आजारात फारशी चालत नाही. ती सुजेवर काम करते आणि इथं सूजच नसते. उलट रोज खाल्ली तर पोटात जखम, किडनीला त्रास. ट्रामाडॉल नावाची गोळी काही वेळा देतात, पण तिची सवय लागते, म्हणून २०१८ पासून ती आपल्याकडं अमली पदार्थाच्या कायद्यात घेतली आहे. शेजारणीला दिलेली पट्टी आपण खायची नाही.

मग चालतं काय? तीन नावं डॉक्टरांच्या चिठ्ठीत दिसतील.

एक अमिट्रिप्टिलिन. जुनी आणि स्वस्त. मुळात उदासपणाची गोळी, पण इथं अगदी कमी मात्रेत, बहुतेक १० मिलिग्रॅमपासून, रात्री देतात. मेडिकलवाला म्हणाला, "ही तर मेंटलची गोळी," आणि आमच्या मंडळीनं पाकीट तसंच परत आणलं. इथंच खूप जण थांबतात. ही गोळी वेड्याची नाही. दुखण्याच्या नसांचा आवाज कमी करायला तीच रसायनं लागतात, म्हणून तीच गोळी. तिनं आमच्याकडं झोप सुधारली, दुखणं रुपयात चार आणे कमी झालं. तोंड कोरडं पडायचं, सकाळी आठपर्यंत गुंगी राहायची. डॉक्टरनं झोपताना नाही तर संध्याकाळी लवकर घ्यायला सांगितलं, मग जमलं. हृदयाचा त्रास, काचबिंदू, लघवी अडकणं असेल तर डॉक्टरला आधी सांगावं. आणि ही गोळी लेकरांच्या हाती लागली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून उंचावर ठेवा.

दुसरी ड्युलोक्सेटिन. अमेरिकेत २००८ मध्ये या आजारासाठी मंजूर झाली. पहिला आठवडा मळमळ होते, जेवणानंतर घेतली तर कमी. आमच्याकडं पाचव्या दिवशीच बंद केली, डॉक्टरला न विचारता. चूक आमची, दोन आठवडे दम धरायला पाहिजे होता. लिव्हरचा आजार असेल किंवा दारू घेत असेल त्याला ही देत नाहीत. ट्रामाडॉलसोबत घेतली तर धोका वाढतो, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरला दाखवाव्यात.

तिसरी प्रिगाबालिन. ही २००७ ला तिथं मंजूर झालेली पहिली. आपल्याकडं सर्रास लिहितात. हिच्यावर जाणकारांतच एकमत नाही. अमेरिका मंजूर करते, तर इंग्लंडच्या २०२१ च्या सरकारी मार्गदर्शनात अशा जुनाट दुखण्यात ही नव्यानं सुरू करू नका म्हटलंय. अभ्यासांचा हिशोब असा की खोट्या गोळीपेक्षा हिच्यामुळं दहात साधारण एकाला जास्तीचा चांगला आराम पडतो. बाकी नऊ जणांनी तीच गोळी वर्षभर का खावी? मंडळीला हिनं गरगरायला लागलं, पाय सुजले, एकदा बांधावरून पाय घसरला. मात्रा अर्धी केली तेव्हा सोसली. ही घेऊन पहिले काही दिवस मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू नये, आणि वजन बघत राहावं.

तिन्ही गोळ्यांना एक गोष्ट सारखी. सुईसारखा संध्याकाळी गुण येत नाही, काही आठवडे लागतात. एका वेळी एकच नवी गोळी, कमी मात्रेपासून. आम्ही मुलीच्या जुन्या वहीत रोज तीनच आकडे लिहिले: दुखणं दहात किती, झोप किती तास, काम किती झालं. महिन्यानं वही बघून डॉक्टरनं ठरवलं काय ठेवायचं, काय काढायचं. आणि बंद करतानाही एकदम नाही, उतरवत. गुण नसेल तर गोळी सोडायला लाजू नये, हे मात्र डॉक्टरला विचारून.

युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांनी २०१७ मध्ये जे सांगितलं त्यात सगळ्यात पक्की शिफारस एकाही गोळीची नाही, व्यायामाची आहे. हे ऐकून मंडळी भडकली, "दिवसभर शेतात राबते, अजून काय व्यायाम!" डॉक्टरनं समजावलं की वेचणीत तुम्ही एकाच स्थितीत वाकून असता, तो भार झाला, व्यायाम नाही. दहा मिनिटं मोकळं चालायचं, आठवड्याला दोन मिनिटं वाढवायची. बरं वाटलं म्हणून एका दिवसात दोन दिवसांचं काम उरकायचं नाही, नाही तर पुढचे तीन दिवस खाटेवर.

आपल्याकडच्यांनी आधी उमरीच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावं, चिठ्ठी घेऊन पुढं विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय. संधिवाताच्या तज्ज्ञाचं मत पाहिजेच असेल तर हैदराबादच्या निम्समध्ये तो विभाग आहे. ई-संजीवनीवर मोबाईलवरूनही डॉक्टर फुकट बोलतात. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असलं तर औषधाचं मूळ नाव लिहून मागा, जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतं. दुखण्यानं जीव नको वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.

आज मंडळीच्या दोनच गोळ्या चालू आहेत, अमिट्रिप्टिलिन आणि अर्धी प्रिगाबालिन. वहीतला आकडा आठवरून पाचवर आला, त्याखाली नाही. यंदा वेचणीला ती दुपारपर्यंतच गेली, दुपारनंतर मी आणि मुलगा.