संकटाच्या वेळी अंगावर काय असावे?

तानसा नदीच्या काठचे गणेशपुरी हे गाव गरम पाण्याच्या कुंडांमुळे आणि नित्यानंद महाराजांच्या समाधीमुळे दूरदूरच्या लोकांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात ही नदी गरीब गाईसारखी वाहते. पण पावसाळ्यात, वर शहापूर तालुक्यात १८९२ साली बांधून झालेले तानसा धरण भरून वाहू लागले की तिचे रूप पालटते, आणि काठच्या गावांना सावध राहण्याचे इशारे दिले जातात. नेमकी त्याच सुमारास आषाढातली गुरुपौर्णिमा येते आणि गावात भाविकांची रीघ लागते. अंबाडी नाक्याकडून वज्रेश्वरीकडे येणाऱ्या रस्त्यावर वाहनांची वर्दळ वाढते. पुढे दिवाळीनंतर भाताचा पेंढा रचून ठेवला की आगीची धास्ती सुरू होते. म्हणजे गाव एकच, पण संकटे चार प्रकारची.

अशा वेळी प्रथम धावून कोण येतो? पोलीस येतात, बंब येतो, रुग्णवाहिका येते. पण त्यांना वाट तुडवून यावे लागते. पहिली पाच-दहा मिनिटे शेजाऱ्यांचीच असतात. हे ओळखूनच ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत गृहरक्षक दल, म्हणजे आपले होमगार्ड, उभे राहिले. २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला आणि २०१६ पासून 'आपदा मित्र' या योजनेत गावोगावच्या तरुणांना शिकवून तयार करण्यास आरंभ झाला. याखेरीज कित्येक गावांत ग्रामसुरक्षा दलाची मुले आपण होऊन रात्रीची गस्त घालतात.

आता अशा दलासाठी गावाने वर्गणी जमविली, की पहिला विचार कशाचा होतो? गणवेशाचा! सैनिकासारखे ठिपक्याठिपक्यांचे कपडे, रुंद पट्टा, उंच बूट. दिसायला झोकदार, यात शंका नाही. परंतु सैनिकाचे ते कपडे त्याने शत्रूला दिसू नये म्हणून केलेले असतात. आपल्या स्वयंसेवकाने तर सर्वांना दिसावयास हवे. शिवाय सैनिकाचा किंवा पोलिसाचा वेश करून आपण तेच आहोत असे भासविणे हा कायद्याने गुन्हा आहे, हेही विसरू नये.

तेव्हा कपडा निवडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हे संकट माणसाला कशाने मारते? त्याचे उत्तर मिळाले की काय घालावे आणि काय घालू नये, हे आपोआप कळते. एका ठिकाणी तारणारी वस्तू दुसऱ्या ठिकाणी मारते, आणि मदतीला गेलेला मनुष्यच बुडाला किंवा भाजला तर एकाच्या जागी दोघांना वाचविण्याची पाळी येते.

प्रथम रात्रीची गस्त घेऊ. येथे मोठा धोका चोराचा नव्हे, तर वाहनाचा आणि सापाचा. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे येते. काळोखात काळी किंवा खाकी आकृती चालकाला दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून अंगरख्यावर चमकत्या पट्ट्यांचे जाकीट हवे. यातही एक भेद आहे, तो ध्यानात घ्या. जाकिटाचा तो भडक पिवळा किंवा नारिंगी रंग दिवसा, विशेषतः ढगाळ उजेडात, उठून दिसतो; रात्री त्याचा फारसा उपयोग नाही. रात्री काम करते ती राखाडी पट्टी. तिच्यावर पडलेला उजेड ती जिकडून आला तिकडेच परत पाठविते, म्हणून गाडीच्या दिव्यात ती पेटल्यासारखी दिसते. जाकिटाला रंग आणि पट्टी दोन्ही हवे. पट्टी पुढे, मागे आणि शक्य तर दंडावरही असावी.

सापांचे म्हणाल, तर आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आढळतात. अंधारात पाय पडला की दंश बहुधा पायालाच होतो. तेव्हा चप्पल नको. घोटा झाकणारा बूट आणि जाड, सैलसर पॅन्ट हवी. हातात बॅटरी आणि काठी हवी. काठी मारण्यासाठी नव्हे, पुढची वाट चाचपण्यासाठी.

यात्रेच्या गर्दीत धोका निराळा. तेथे माणूस चेंगरतो, पडतो, गुदमरतो. स्वयंसेवकाच्या अंगावर लोंबणारे, अडकणारे काही नसावे. गळ्यात गुंडाळलेला पंचा, न तुटणाऱ्या दोरीचे ओळखपत्र, लोंबता पट्टा, हे सारे घरी ठेवावे. ओळखपत्र छातीला टाचावे, किंवा झटका बसताच सुटेल अशा फितीला लावावे. सर्वांच्या जाकिटांचा रंग एकच असावा, म्हणजे हरवलेल्या मुलाच्या आईला कोणाकडे धावायचे ते कळते. शिट्टी प्रत्येकाकडे हवी. पण एक शिट्टी म्हणजे काय, तीन शिट्ट्या म्हणजे काय, हे आधी ठरलेले हवे, नाहीतर शिट्टीने गोंधळ वाढतोच.

आता पुराकडे वळू. येथे सर्वांत अधिक घोटाळा होतो. पाणी म्हटले की गमबूट, असे आपले समीकरण. चिखलात आणि घोट्याएवढ्या साचलेल्या पाण्यात गमबूट चांगलाच. पण वाहत्या, खोल पाण्याशी गाठ असेल तर तो नको. त्यात पाणी शिरले की पाय हलविणे जड जाते, आणि काठावर चढताना बुटासकट ते सारे पाणी उचलावे लागते. त्याऐवजी पायाला घट्ट बसणारा, नाडी बांधलेला कॅनव्हासचा बूट बरा. घोळदार रेनकोट, घोंगडी, इरले ही पावसातली आपली जुनी सोबती. पण पाण्याजवळ काम करताना ती उतरून ठेवावी. धोतर नेसणाऱ्याने घट्ट काष्टा मारावा. भगिनींनी पदर खोचून काष्ट्याची साडी नेसावी किंवा सुटसुटीत सलवार-कमीज घालावी.

काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालावे, आणि त्याचे सर्व पट्टे आवळावे. सैल जॅकेट पाण्यात वर सरकून तोंडावर येते. ते कोणत्या वजनाच्या माणसासाठी आहे हे त्यावर लिहिलेले असते; मुलाचे मोठ्याला आणि मोठ्याचे मुलाला चालत नाही.

बुडणाऱ्याकडे उडी घेणे हा अखेरचा उपाय आहे, तोही शिकलेल्या माणसाचा. आधी बांबू पुढे करा; तो पोहोचत नसेल तर दोर फेका. दोर पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, कारण तो पाण्यावर तरंगतो. दोराच्या टोकाला काही तरंगते बांधावे. आपली वाडवडील मंडळी पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधीत, त्यामागचे शास्त्र हेच. माणसाचे शरीर मुळातच पाण्यात बरेचसे तरंगते. तोंड वर राहण्यास चार-पाच किलोंचा आधार बहुधा पुरतो. तेवढा आधार घट्ट बूच लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅनसुद्धा देतो. आणि एक गोष्ट कधीही करू नका : वाहत्या पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला गाठ मारून दोर बांधू नका. दोर ताणला गेला की प्रवाह त्याला खाली दाबतो, आणि ती गाठ पाण्यात सुटत नाही.

आगीत मात्र हिशेब उलटा होतो. पाण्यात ओझे ठरलेली लोकरीची घोंगडी येथे मित्र बनते. लोकर सहजी पेट घेत नाही, म्हणून पेटलेल्या माणसाला गुंडाळण्यास ती उत्तम. याउलट नायलॉन, टेरिलीन हे कापड वितळते आणि कातडीला चिकटते. पुरात झटपट वाळतो म्हणून सोयीचा वाटणारा शर्ट आगीपाशी घातक ठरतो. आगीजवळ जाताना जाड सुती कपडे, पुऱ्या बाह्या आणि चामड्याचा बूट असावा. सूतही जळते, पण वितळून अंगाला चिकटत नाही. रात्रीचे ते चमकते जाकीटही बहुधा कृत्रिम धाग्याचे असते. ते आगीपासून दूर, रस्ता मोकळा ठेवणाऱ्यांनी घालावे.

"तोंडाला ओला रुमाल बांधून आत शिरलो तर?" असे कोणी विचारील. ओल्या रुमालाने थोडी काजळी अडते. पण धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू अडत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. साध्या मुखपट्टीनेही तो थांबत नाही. म्हणून धुराने भरलेल्या घरात श्वसनयंत्राविना जाऊ नये. तसेच शेतीच्या गमबुटावर भरवसा ठेवून पडलेल्या विजेच्या तारेजवळही जाऊ नये; तो बूट विजेसाठी तपासलेला नसतो.

पाचवे संकट कोसळलेल्या घराचे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत तीन मजली इमारत पडली, तेव्हा मोठी पथके येण्याआधी आसपासचे लोकच ढिगाऱ्याकडे धावले. अशा ठिकाणी खिळे, काचा आणि वरून पडणारी वीट यांच्यापासून जपावे लागते. हनुवटीला पट्टा असलेले हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, जाड तळव्याचा बूट आणि धुळीसाठी एन-९५ मुखपट्टी घ्यावी. धुराला निरुपयोगी असलेली ही मुखपट्टी सिमेंटच्या धुळीला मात्र उपयोगी पडते. हेल्मेट घेताना त्यावर आयएसआयची खूण आणि आयएस २९२५ हा क्रमांक पाहावा.

शिक्षक बंधुभगिनींनो, या गोष्टी नुसत्या सांगून पटत नाहीत. त्या शाळेत दाखविता येतात. अंधाऱ्या खोलीत चमकती पट्टी ठेवून बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरा, मग तीच बाजूला लांब धरा; परत येणाऱ्या उजेडाचा फरक मुलांना तत्काळ दिसेल. कोरडा गमबूट वजनकाट्यावर ठेवा, मग पाण्याने भरून ठेवा. पटांगणात वाळूच्या परातीवर चिमट्यात धरून सुताचा आणि नायलॉनचा लहानसा तुकडा जाळा. मुले दूर उभी राहू द्यावीत आणि जाळण्याचे काम गुरुजींनी स्वतः करावे. नायलॉनचा तो पेटता थेंब ज्या मुलाने पाहिला, तो घरी जाऊन चुलीपाशी वावरणाऱ्या आईला सांगितल्याशिवाय राहणार नाही.

गावाजवळ पैसा थोडा असेल तर? प्रथम शिट्टी, बॅटरी, चमकते जाकीट आणि तरंगणारा दोर घ्यावा. नंतर लाइफ जॅकेटे, त्यानंतर हेल्मेट आणि हातमोजे. झोकदार गणवेश सर्वांत शेवटी. सामान कुलपात अडकवून किल्ली एकाच्याच खिशात ठेवू नये. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुमारास, ते बाहेर काढून वापरून पाहावे. उंदरांनी कुरतडलेला दोर पुराच्या दिवशी सापडण्यात काय अर्थ?

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज पेटले आणि स्फोट झाले. त्यात आग विझविण्यास गेलेले ६६ अग्निशमन जवान प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळला जातो. ती शिकलेली, कसलेली माणसे होती. काही संकटांपुढे कोणतेही कापड आणि कोणताही बूट पुरा पडत नाही. म्हणून अंगावर साधन चढले म्हणजे आत शिरण्याचा परवाना मिळाला, असे कोणी समजू नये. ११२ या क्रमांकावर खबर देणे, वाट मोकळी करणे, लोकांना मागे सारणे आणि काठावरून दोर फेकणे, हेही शौर्याचेच काम आहे. योग्य कपडे घालून ते करणारा स्वयंसेवक रात्री आपल्या घरी परत येतो, आणि दुसऱ्या दिवशी गावाच्या उपयोगी पडतो.