कूलरचा रुसवा व आमचें मनोराज्य

वैशाखवणवा म्हणजे काय, हें वर्ध्याकडील वाचकांस सांगावयास नको. पारा ४५ अंशांवर गेला कीं आमचा सारा भरंवसा खिडकींतल्या कूलरवर! यंत्र साधेंच. पंप वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडतो, पंखा त्यांतून कोरडी हवा ओढतो, आणि पाण्याची वाफ होतांना हवेंतील उष्णता खर्ची पडते. परंतु आमचा पंप पाहुणे आले कीं रुसतो, व कारागीर येतांच निमूटपणें चालूं लागतो!

परवां मध्यरात्रीं त्यानें पुन्हा मौन धरलें. मंडळी ओल्या पंच्यानें मुलांस वारा घालीत बसली, व आम्ही पंपांतील क्षार खरवडतां खरवडतां मनोराज्यांत शिरलों. मगन संग्रहालयांतले चरखे आठवले. १९२९ सालीं चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें पारितोषिक जाहीर केलें होतें. किंमत १५० रुपयांच्या आंत, आयुष्य २० वर्षें, दुरुस्तीचा वार्षिक खर्च किंमतीच्या शेंकडा ५ हून अधिक नको, अशा अटी होत्या. तें पारितोषिक कोणासच मिळालें नाहीं. आम्हीं तेंच कूलरसाठीं जाहीर केलें, अध्यक्षपदहि स्वीकारलें!

इतक्यांत आंतून शब्द आले, "अहो, टांकी धुतल्याला महिना झाला ना?"

मनोराज्य तत्काळ खालसा झालें. वीस वर्षांच्या त्या अटींतहि वेळच्या वेळीं निगा राखणें गृहीत धरलेलें होतें. तेवढेंच आम्ही सोयीस्करपणें विसरलों होतों. पहांटे पंप चालला, मुलें झोपलीं. आतां दर रविवारीं टांकी आम्हीच धुतों.