उरगसुत्त : सर्पाची कात आणि जरा

जरेपासून सुटका व्हावी, ही मानवाची पुरातन आकांक्षा होय. मेसोपोटेमियातील गिल्गमेश महाकाव्याच्या ११ व्या मृत्तिकाफलकात नायकाने मिळविलेली तारुण्यदायी वनस्पती सर्प पळवितो आणि कात टाकून निघून जातो. तेथे कात हे नवयौवनाचे प्रतीक ठरते. वस्तुतः कात टाकल्याने सर्पाचे वय घटत नाही. केवळ जीर्ण बाह्य त्वचा गळते.

सुत्तनिपातातील पहिले सुत्त, उरगसुत्त, हीच उपमा निराळ्या अर्थाने योजते. त्याच्या १७ गाथांपैकी प्रत्येकीच्या शेवटी कात टाकणारा सर्प येतो. मात्र भिक्खूने टाकावयाचे ते वार्धक्य नव्हे, तर क्रोध, तृष्णा व अहंकार. जरा कोणालाच चुकत नाही. तारुण्याची आसक्ती मात्र प्रत्येकाला सोडता येते.