माशांचा स्वभाव

एखादा मुलगा भित्रा कां व एखादा धीट कां, असें कोणीं विचारलें कीं आम्ही शिक्षक घराण्यावर तरी बोट ठेवीत असूं किंवा वळणावर तरी. माझ्या मनांतील ही दुहेरी फोड अलीकडे माशांनीं मोडली.

माशाला कसला स्वभाव, असें आपणांस वाटेल. आज तो जोरानें पोहला एवढ्यावरून चपळ ठरत नाहीं हें खरें; कदाचित् त्यास भूक लागली असेल. परंतु चार दिवसांनीं आणि पुन्हां महिन्यानेंहि तोच इतरांहून चपळ आढळला, तर त्यास स्वभाव म्हणण्यास हरकत काय?

अडचण आहे ती पाहण्याची. माणूस जवळ आला कीं मासा थिजतो. शिवाय पाहणाराचा डोळा थकतो, आणि एकदां 'हा धीट' असें मनानें घेतलें कीं पुढें सारें तसेंच दिसूं लागतें. म्हणून टाकीवर कॅमेरा टांगतात. रिकाम्या टाकीच्या चित्राशीं प्रत्येक चित्र ताडून जो ठिपका उरतो तो मासा, असें संगणक ठरवितो. ठिपका किती सरकला यावरून वेग कळतो. तो किती वेळ कडेला चिकटून राहिला, आडोशांतून बाहेर येण्यास त्यानें किती वेळ लावला, यांवरून भित्रेपणा. पूर्वीं दोन मासे एकमेकांवरून गेले कीं कोणता कोण याचा घोटाळा होई; माद्रिदच्या संशोधकांनीं २०१४ मध्यें प्रत्येकाच्या चित्रांतील छटांवरून त्यास पुन्हां ओळखण्याची युक्ति प्रसिद्ध केली.

मोजणी अनेकदां केल्यावर एकूण फरकापैकीं किती वांटा माशामाशांतील कायम भेदाचा, हें काढतात. तो शून्य आला तर स्वभाव नाहीं. एक आला तर प्रत्येक मासा घड्याळासारखा ठराविक. निरनिराळ्या प्राण्यांवरील अशा मोजण्यांचा २००९ मध्यें आढावा घेतला गेला, तेव्हां सरासरी सुमारें ०.३७ आली.

आतां घराणें आणि वळण यांकडे वळूं. टेक्सस व मेक्सिकोच्या पाण्यांत ॲमेझॉन मॉली नांवाची मासळी आहे. नांव नदीवरून नव्हे, ग्रीक कथांतील वीरस्त्रियांवरून. कारण या जातींत सार्‍या माद्याच. त्यांचा जवळच्या दुसर्‍या जातींच्या नरांशीं संग होतो, पण नराचा अंश पिलांत सहसा उतरत नाहीं. म्हणून आई व लेकी बीजानें एकच. अशीं पिलें जन्मतांच वेगळीं करून, सारख्या टाक्यांत एकेकटीं वाढवून, दहा आठवडे दर तीन सेकंदांस त्यांची जागा टिपली गेली. २०२२ मध्यें त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घराणें एक, वळण एक. तरीहि पहिल्याच दिवशीं कोणी चपळ, कोणी मंद! पहिल्या दिवसाच्या भेदावरून दहाव्या आठवड्यांतील वागणुकीचा अंदाज करतां येत होता, आणि तो भेद हळूहळू ठळकच होत गेला.

यास्तव संशोधकांचें लक्ष जन्मापूर्वींच्या दिवसांकडे गेलें आहे: आईकडून अंड्यास मिळालेला कमीअधिक पोषणाचा वांटा, बीज तेंच असून त्यांतील गुणांचें कमीजास्त जागें होणें, किंवा देह घडतांना होणारे निव्वळ योगायोग.