इमारतींतील ऊर्जा संवर्धन (कोकण)

इमारतींतील ऊर्जा संवर्धन म्हणजे घर, दुकान, शाळा, कार्यालय अथवा गृहनिर्माण संस्थेची वास्तू यांतील सोयींत उणेपणा न आणता त्यांसाठी लागणारी वीज व इंधन कमी करणे, आणि त्यायोगे होणारे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन घटविणे होय. भारतात या विषयाला ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ चा आधार आहे. या कायद्यान्वये १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच महाऊर्जा, या पुणेस्थित संस्थेकडे आहे. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील रोहा शहरालगतचे वरसे व त्याभोवतीचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून या विषयाची मांडणी केली आहे.

उत्सर्जनाचा संबंध

घरात वीज वापरताना धूर दिसत नाही. तो औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यातून निघतो. देशाच्या वीजजाळ्यातील विजेचा मोठा भाग कोळशापासून निर्माण होत असल्याने प्रत्येक युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. रोह्याजवळून वाहणाऱ्या कुंडलिका नदीला भिरा येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रातून सोडलेले पाणी मिळते, त्यामुळे आपली वीज पाण्याचीच आहे असा समज या भागात सहज होऊ शकतो. मात्र घरी येणारी वीज सामाईक जाळ्यातील असते. तिच्यावर कोणत्याही एका केंद्राची खूण नसते.

जुने घर व नवे घर

कोकणातील हवामान उष्ण व दमट आहे. येथे तापमानापेक्षा आर्द्रतेचा जाच अधिक होतो, म्हणून वारा खेळता राहणे ही येथील वास्तूची पहिली गरज ठरते. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे पडवी व वर पोटमाळा अशी पारंपरिक रचना ही गरज भागवीत असे. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई, पोटमाळ्यामुळे छपराचा ताप खाली पोहोचत नसे आणि पडवीमुळे भिंतीवर थेट ऊन पडत नसे. अशा घरांचे फाजील कौतुकही करू नये. कौले दरवर्षी शाकारावी लागत, आणि माजघरात भरदुपारी दिवा लावावा लागे.

काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो व साठविलेली उष्णता रात्री खोलीत सोडतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मध्यरात्रीपर्यंत पंखा पुरत नाही, याचे कारण हेच होय. पावसाळ्यातील गळती थांबविण्यासाठी कोकणात अनेकजण गच्चीवर पत्र्याची शेड उभारतात. बाजू मोकळ्या असतील तर ही शेड स्लॅबला सावली देते व मधल्या पोकळीतून वारा वाहतो. गळतीसाठी केलेला खर्च उष्णतेसाठीही उपयोगी पडतो. गच्चीला पांढरा परावर्तक रंग देणे अथवा चिनी मातीच्या फरशीचे पांढरे तुकडे बसविणे हा दुसरा उपाय आहे. मात्र येथील पावसात पृष्ठभागावर शेवाळ धरते व पांढरा रंग काळवंडतो. पावसाळा संपल्यावर गच्ची घासून धुतली नाही, तर उन्हाळ्यात अपेक्षित लाभ मिळत नाही.

निवासी इमारतींसाठी डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इको निवास संहितेत या अनुभवाला आकड्यांचे रूप मिळाले आहे. उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एकषष्ठांश, असावे असे ती सांगते. उष्ण-कोरड्या प्रदेशासाठी हेच प्रमाण १० टक्के आहे. सरकत्या खिडकीची एका वेळी निम्मीच बाजू उघडते, ही गोष्ट घर बांधताना बहुधा लक्षात घेतली जात नाही.

विजेचा वापर कोठे होतो

साध्या छताच्या पंख्यास सुमारे ७५ वॅट वीज लागते. ब्रश नसलेल्या मोटरच्या, बीएलडीसी नावाने विकल्या जाणाऱ्या पंख्यास सुमारे ३० वॅट पुरते. दिवसाला १० तास याप्रमाणे वर्षातील ३०० दिवस पंखा चालला, तर एका पंख्यामागे १३५ युनिट वाचतात व सुमारे ९५ किलो उत्सर्जन टळते. कोकणात पंखा जवळजवळ वर्षभर फिरत असल्याने हा बदल येथे अधिक लाभदायक ठरतो. एलईडी दिव्यांबाबत हे काम बरेचसे झाले आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे वितरित झाले.

वातानुकूलन यंत्राचे तापमान १ अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगते. यंत्रावरील तारे पाहताना त्यांखालील वर्षही पाहावे. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे पूर्वीचे पाच तारे व आजचे पाच तारे समान नसतात.

महावितरणच्या घरगुती वीजदरात १००, ३०० व ५०० युनिट हे टप्पे असून वरच्या टप्प्याचा दर चढा असतो. महिन्याला ३२० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाने ४० युनिट वाचविले, तर त्यांतील पहिले २० युनिट सर्वांत महाग दराचे असतात. म्हणून बचतीचा हिशेब सरासरी दराने केल्यास लाभ कमी भासतो.

गृहनिर्माण संस्थांत सामाईक मीटरवर पाण्याचा पंप, उद्वाहक व जिन्यातील दिवे असतात. गच्चीवरील टाकी भरून वाहणे हा पाण्याइतकाच विजेचाही अपव्यय आहे, कारण ते पाणी वर चढविण्यासाठी आधीच वीज खर्च झालेली असते.

छतावरील सौरऊर्जा

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत घरगुती ग्राहकास पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट वा अधिक क्षमतेस एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. गृहनिर्माण संस्थांना सामाईक सोयींसाठी प्रतिकिलोवॅट १८,००० रुपये मिळतात. १ किलोवॅट क्षमतेस सुमारे १०० चौरस फूट सावलीरहित जागा लागते व वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात हे उत्पादन बरेच घटते. नेट मीटर पद्धतीत उन्हाळ्यातील शिलकी युनिट मात्र पुढील महिन्यांच्या बिलात वळते होतात. आधी वापर कमी करून मग क्षमता ठरविणे श्रेयस्कर. पंखे बदलण्यापूर्वीच्या बिलावरून संच घेतल्यास तो गरजेपेक्षा मोठा होतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. असंख्य घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले व कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. यातून दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. सौरपट्ट्यांचा सांगाडा वादळी वाऱ्याच्या हिशेबाने स्लॅबमध्ये वा भक्कम खांबांवर पक्का केलेला असावा. केवळ पत्र्याच्या शेडला तो जखडणे धोक्याचे आहे. दुसरे असे की, वीजजाळ्याला जोडलेला साधा सौरसंच जाळ्यातील वीज गेली की आपोआप बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यास धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था असते. बॅटरी व तिला अनुरूप इन्व्हर्टर घेतलेला नसेल, तर छतावर सौरपट्ट्या असूनही घर अंधारात राहते. ही बाब ग्राहकाने खरेदीपूर्वीच विक्रेत्याकडून स्पष्ट करून घ्यावी.

मालक, भाडेकरू व कायदा

धाटाव येथील औद्योगिक वसाहतीमुळे रोहा परिसरात भाड्याने राहणारा नोकरदार वर्ग आहे. भाड्याच्या घरात गच्ची थंड करण्याचा खर्च मालकाने करावयाचा व बिलातील बचत भाडेकरूने घ्यावयाची, असा पेच येतो. परिणामी कोणीच पुढाकार घेत नाही. भाडेकरारातच खर्चाची वाटणी नमूद करणे हा त्यावरील व्यवहार्य मार्ग आहे.

२००७ मधील व २०१७ मध्ये सुधारलेली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता १०० किलोवॅट वा अधिक जोडभार असलेल्या व्यापारी इमारतींसाठी आहे. वरसे परिसरातील बहुसंख्य घरे व दुकाने त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली येतात. २०२२ च्या सुधारणा अधिनियमाने मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आणल्या. तरी लहान घरमालक ऐच्छिक उपायांवरच अवलंबून आहे. पुणे महानगरपालिका सौर उष्णजल संयंत्र, पर्जन्यजल संधारण वा गांडूळखत प्रकल्प असलेल्या मिळकतींना करात ५ ते १० टक्के सवलत देते. ग्रामीण भागात घरपट्टीची आकारणी ग्रामपंचायत करते. २ ऑक्टोबर २०२० पासून राबविल्या जाणाऱ्या माझी वसुंधरा अभियानात स्थानिक संस्थांचे मूल्यमापन पंचतत्त्वांवर होते, आणि त्यांतील अग्नी या तत्त्वाखाली ऊर्जाबचतीचे गुण धरले जातात.