वाळवंटातली धूळ आणि डोळ्यातले भिंग

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात ब्लॅक रॉक नावाचे वाळवंट आहे. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजस्थानातल्या वाळूच्या टेकड्या येतात. येथे तसे काही नाही. हिमयुगाच्या अखेरीस या भागात लाहोंटान नावाचे प्रचंड सरोवर होते. ते आटले आणि मागे उरला तो त्याच्या तळाचा गाळ, वाळून परातीसारखा सपाट झालेला. तो इतका सपाट आहे की १९९७ साली ध्वनीपेक्षा अधिक वेगाने धावणारी पहिली मोटार येथेच धावली.

याच मैदानावर १९९० सालापासून उन्हाळ्याच्या शेवटी ‘बर्निंग मॅन’ नावाचा उत्सव भरतो. (कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, तेवढा खंड पडला.) आठवडाभर तंबूंचे एक गावच वसते, सत्तर हजारांच्या आसपास माणसे जमतात आणि एक भला थोरला लाकडी पुतळा जाळतात. धूळ उडू नये म्हणून गावात मोटारींना ताशी ८ किलोमीटरपेक्षा वेगाने जाऊ देत नाहीत. पण वारा असले नियम पाळत नाही. तो सुटला की दहा पावलांवरचा तंबू दिसेनासा होतो. अशा वेळी ज्यांच्या डोळ्यांत स्पर्शभिंगे, म्हणजे आपण सर्रास ज्यांना कॉन्टॅक्ट लेन्स म्हणतो ती, बसवलेली असतात त्यांचे काय होत असेल?

आधी ही धूळ कशी आहे ते पाहू. ती वाळूसारखी खरखरीत नसते, तर पिठासारखी मऊ असते. म्हणूनच ती कोठेही शिरते. दुसरे असे, की ती अल्कधर्मी आहे. त्याचे कारण समजायला बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर आठवा. त्या सरोवरातून पाणी बाहेर पडायला वाट नाही. पाणी वाफ होऊन जाते, त्यात विरघळलेले क्षार मात्र मागेच राहतात. त्यांत सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेट बरेच असल्यामुळे लोणारचे पाणी अल्कधर्मी झाले आहे. लाहोंटानचेही तसेच होते. त्याचे पाणी समुद्राला कधीच मिळत नव्हते. लोणार अजून भरलेले आहे, ते आटून गेले, एवढाच फरक.

आता डोळ्याकडे वळू. डोळ्याच्या पुढच्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर तो पारदर्शक राहिलाच नसता. मग त्याला ऑक्सिजन कोठून मिळतो? मुख्यतः समोरच्या हवेतून, तोही अश्रूंत विरघळून. अश्रू म्हणजे केवळ रडताना येणारे पाणी नव्हे. पारपटलावर अश्रूंचा एक पातळ थर चोवीस तास पसरलेला असतो. त्यात पारपटलाला चिकटून राहणारा श्लेष्मा असतो, पाणी असते, आणि पाणी उडून जाऊ नये म्हणून वरून तेलाचा पापुद्रा असतो. या साऱ्याची जाडी मिळून सुमारे ३ मायक्रोमीटर! मिनिटाला पंधरा-एक वेळा पापणी लवते आणि हा थर नव्याने सारवला जातो. डोळ्यात गेलेला कण याच सारवणात वाहून आतल्या कोपऱ्याकडे जातो. सकाळी त्या कोपऱ्यात जी चिपडे दिसतात ती बहुतांशी या सफाईतूनच जमलेली असतात. (तुमचा मित्र वाचत असताना त्याच्या नकळत त्याच्या पापण्या किती वेळा लवतात ते मोजा, मग तो गप्पा मारत असताना मोजा. फरक पाहून गंमत वाटेल.)

कॉन्टॅक्ट लेन्स बसते ती नेमकी या थरात. आज सर्वत्र वापरली जाणारी मऊ लेन्स प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांच्या संशोधनातून आली. १९६१ सालच्या नाताळात त्यांनी मेकॅनोसारख्या एका खेळण्याचे भाग जोडून घरीच यंत्र तयार केले आणि त्यावर फिरत्या साच्यात लेन्स ओतल्या. त्यांचे प्लॅस्टिक पाणी शोषून मऊ होणारे होते. मऊ लेन्समध्ये पाणी असते म्हणूनच ती डोळ्याला टोचत नाही. परंतु वाळवंटाच्या कोरड्या हवेत हाच गुण अंगावर येतो. लेन्समधले पाणी उडून जाते. लेन्स अश्रूंच्या थराहून कितीतरी जाड, त्यामुळे तिच्यावर तो थर नीट पसरत नाही, लवकर फाटतो. डोळा चुरचुरतो, माणूस डोळा चोळतो, आणि खरा अपघात येथे घडतो. लेन्सखाली गेलेला कण पापणीच्या दाबाने पारपटलावर घासला जातो व ओरखडा उठतो. कडक लेन्सखाली कण शिरण्याची शक्यता अधिक, कारण ती लहान असते आणि पापणीबरोबर बरीच हलते. मऊ लेन्स बुबुळाच्या कडेपलीकडे पोहोचते, म्हणून धूळ खाली कमी जाते. पण धुळीतले क्षार व घाण ती धरून ठेवते.

नुसता लहान ओरखडा एक-दोन दिवसांत भरून येतो. भीती असते ती त्यातून जंतू आत शिरण्याची. माती आणि नळाचे पाणी या दोन्हींत अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव आढळतो. लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत तो शिरला तर महिनोन्‌महिने उपचार करावे लागतात आणि पारपटलावर पांढरा डाग राहू शकतो. त्यालाच आपल्याकडे डोळ्यात फूल पडणे म्हणतात. म्हणून लेन्स नळाच्या पाण्याने धुवायची नाही. तोंडात धरून ओली करणे तर त्याहून वाईट. रात्री लेन्स घालून झोपणेही तसेच. मिटलेल्या पापणीखाली ऑक्सिजन आधीच कमी असतो, त्यात लेन्सचा अडथळा. जंतुसंसर्गाचा धोका अनेक पटींनी वाढतो.

मग वाळवंटात लेन्स घालूच नये का? चष्मा वापरणाऱ्यांची अडचणही खरी आहे. चष्म्याच्या बाजूंनी धूळ आत येते आणि चष्म्यावरून गॉगल नीट बसत नाही. माझ्या मते सर्वांत चांगले म्हणजे नंबरचा, चेहऱ्याला स्पंजच्या कडेने घट्ट बसणारा गॉगल. लेन्सच घालायची असेल तर एका दिवसानंतर फेकून द्यायची घालावी, वर तसाच घट्ट गॉगल लावावा, आणि चष्मा खिशात ठेवावा. अवघड जाते ते हात स्वच्छ ठेवणे. त्या मैदानावर नळ नाहीत. प्रत्येकाला आपले पाणी घरून न्यावे लागते. पण लेन्सला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुऊन कोरडे करण्याइतके पाणी राखून ठेवलेच पाहिजे. हातांवरची धूळ डोळ्यात गेली, तर बाकीची सारी काळजी वाया.

रसायनशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला येथे एक शंका येईल. या उत्सवातले लोक धुळीने भेगाळलेले पाय पातळ व्हिनेगरने धुतात. आम्लाने अल्काचे उदासिनीकरण होते हे तर आपण पुस्तकात वाचतोच. मग डोळ्यातही व्हिनेगरचे दोन थेंब का घालू नयेत? कारण आम्ल स्वतःच पारपटलाला इजा करते, आणि किती अल्काला किती आम्ल लागेल हे डोळ्यात मोजता येत नाही. डोळ्यासाठी उपाय एकच, धुऊन काढणे. धुळीसाठी लेन्स काढून निर्जंतुक सलाइनने डोळा धुवावा. अश्रूंत स्वतःचे थोडे बायकार्बोनेट असते, उरलेला सौम्य अल्क ते सांभाळून घेतात.

तीव्र अल्काची गोष्ट वेगळी. आपल्याकडे पानाच्या चुन्याची पुडी किंवा नळी दाबताना फुटून मुलांचे डोळे गेल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदवली आहेत. आम्लाने प्रथिने साकळतात आणि त्या थरामुळे आम्ल सहसा फार आत जात नाही. अल्क मात्र पेशींच्या आवरणातल्या मेदाचा साबण करीत आत आत जात राहतो. चुना डोळ्यात उडाला तर सलाइन शोधत बसू नये. हाताशी असेल त्या स्वच्छ पाण्याने लगेच, निदान १५ मिनिटे, पापण्या उघडून डोळा धुवावा, दिसणारे कण काढावेत व तडक दवाखाना गाठावा.

धुळीनंतर लेन्स काढूनही डोळा दुखत राहिला, लाल झाला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागले तर पुन्हा लेन्स घालू नये. औषधाच्या दुकानातून मनानेच थेंब आणून घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल तर लाली जाते आणि संसर्ग आतल्या आत वाढतो. डॉक्टर डोळ्यात फ्लुओरेसिन नावाचा नारिंगी रंग सोडतात व निळ्या प्रकाशात पाहतात. निरोगी पारपटलावर तो टिकत नाही. जेथे ओरखडा असेल तेवढीच रेघ हिरवी चमकते.