भिंतींनी वाढवलेला उजेड

केशोरी हे अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं गाव. धानाच्या या पट्ट्यातल्या जुन्या मातीच्या घरांना खिडक्या लहान, त्यामुळे कवेलूखालच्या खोलीत भरदुपारीही उजेड बेताचाच. पण दिवाळीआधी भिंतींना छुई, म्हणजे पांढरी माती, लागली की तीच खोली उजळून निघते. खिडकी तेवढीच, मग वाढीव उजेड कुठून आला?

भिंतींकडून. पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला साधारण 80 टक्के परत फेकते. तो समोरच्या भिंतीवर जातो, तिथून पुन्हा 80 टक्के परततो. 100, 80, 64, 51... सामान आणि खिडकी हिशेबाबाहेर ठेवली, तर ही बेरीज 500 च्या घरात जाते. आता त्याच खोलीला 40 टक्के परतवणारा मध्यम गडद रंग द्या. 100, 40, 16, 6... बेरीज जेमतेम 167. भिंतीची ताकद निम्मी झाली, उजेड मात्र एक तृतीयांशावर आला. रंग निवडताना हा हिशेब घरमालकाला सांगायलाच हवा, कारण नंतर वर्षानुवर्षं दिवसाढवळ्या बल्ब लावायची पाळी त्याच्यावर येते.

शेडकार्डावर फिका वाटलेला पिवळा चारही भिंतींवर भडक दिसतो, तोही उजेडाच्या या भिंती-भिंतींमधल्या उड्यांमुळेच. पिवळा रंग निळा प्रकाश शोषतो; दर उडीला निळा आणखी घटतो आणि पिवळेपणा चढत जातो. म्हणून मनात भरलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी छटा घ्यावी.

छुई किंवा चुना पोतताना हात फिरलेली जागा आधी मळकट दिसते आणि वाळता वाळता पांढरी होत जाते. ओल्या थरात कणांमधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात. पाण्यातून कणात शिरताना प्रकाश फारसा वळत नाही, तो खोलवर जाऊन विरतो. पाणी उडून फटींत हवा आली, की कणाकणाच्या कडेवर प्रकाश विखुरतो आणि भिंत पांढरी दिसू लागते.

गडद रंगाने खोली तापते, हा समज बाहेरच्या भिंतींबाबत आणि छपराबाबत खरा आहे. आतल्या भिंतींना तो फारसा लागू नाही. आत आलेला बहुतेक उजेड पांढऱ्या खोलीतही शेवटी उष्णताच होतो.

गडद रंगाची हौस असेल तर एका भिंतीवर जरूर पुरवावी, फक्त ती खिडकीची भिंत नसावी. झगझगीत खिडकीभोवती काळोखी भिंत आली, की डोळ्यांना ताण पडतो. स्लॅबच्या घरात छतही पांढरंच असू द्यावं, कारण फरशीवरून वर गेलेला उजेड तेच पुन्हा खाली पाठवतं.